दूरस्थ बेटांवरील चित्रीकरण : संधी आणि मर्यादा

भारताच्या मुख्य भूमीपासून दूर, सागरात वसलेले दोन द्वीपसमूह केंद्रशासित प्रदेश आहेत. बंगालच्या उपसागरातील अंदमान-निकोबार चेन्नईपासून सुमारे १२०० किलोमीटर अंतरावर आहे, तर अरबी समुद्रातील लक्षद्वीप कोचीपासून २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर पसरलेले आहे. सागरतळाखालून टाकलेली प्रकाशीय तंतूंची केबल ऑगस्ट २०२० मध्ये अंदमानात आणि जानेवारी २०२४ मध्ये लक्षद्वीपमध्ये कार्यान्वित झाली. यामुळे एकेकाळी आठवडाभराने बाहेर पडणारी चित्रफीत आता काही तासांत जगभर पोहोचू शकते. सेल्युलर जेलच्या दर्शनासाठी अंदमानला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या हातीही आज कॅमेरा असतोच. चित्रफितींतून होणारी प्रसिद्धी बेटांवरील रोजगारास उपकारक ठरू शकते. तथापि, कोणत्या गोष्टींचे चित्रीकरण करावे आणि कोणत्या वगळाव्यात, याचा विवेक सुटल्यास तीच प्रसिद्धी घातक ठरते.

जारवांचा अनुभव

अंदमानातील ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा व सेंटिनेली आणि निकोबारमधील शोम्पेन हे पाच समूह विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. बाहेरच्या जगाशी संपर्क आल्यानंतर काय घडते, हे ग्रेट अंदमानींच्या इतिहासावरून स्पष्ट होते. १८५८ मध्ये ब्रिटिशांनी वसाहत स्थापन केली तेव्हा हजारोंच्या संख्येने असलेला हा समाज साथीच्या रोगांनी व विस्थापनाने खंगत गेला आणि १९६१ च्या जनगणनेत केवळ १९ व्यक्ती उरल्या. जारवांनी १९९७-९८ च्या सुमारास बाहेरच्या वस्त्यांकडे येण्यास प्रारंभ केला. पाठोपाठ १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या ३८० होती.

जारवांच्या राखीव क्षेत्रातून अंदमान महामार्ग जातो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा व चिखलाचे ज्वालामुखी पाहण्यासाठी पर्यटक या मार्गाचा वापर करतात. अन्नाच्या मोबदल्यात जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचण्यास सांगितले जात असल्याची चित्रफीत जानेवारी २०१२ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने उजेडात आणली आणि देशभर संताप व्यक्त झाला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये अंतरिम आदेशाद्वारे पर्यटकांना या मार्गावर मनाई केली. दोन महिन्यांनी ती शिथिल झाली. या मार्गावर वाहने ठरावीक वेळी, पहाऱ्यात व ताफ्यानेच सोडली जातात. वाटेत थांबणे, जारवांना वस्तू देणे व छायाचित्रे घेणे यांस बंदी आहे.

कायद्याची चौकट

अंदमान-निकोबारमधील आदिम जमातींच्या संरक्षणाचे विनियम १९५६ पासून अस्तित्वात आहेत. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांतील शिक्षा कठोर करण्यात आल्या. राखीव क्षेत्रात विनापरवाना प्रवेश करून छायाचित्रण वा चित्रीकरण केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. यूट्यूबवरील जारवांच्या आक्षेपार्ह चित्रफितींची राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने २०१७ मध्ये दखल घेतली होती. म्हणजे चित्रफीत घेणाऱ्याबरोबरच ती प्रसारित करणाराही जबाबदारीतून सुटत नाही.

उत्तर सेंटिनेल बेटाच्या किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांपर्यंतचे क्षेत्र निषिद्ध आहे. १९७४ मध्ये माहितीपटासाठी तेथे गेलेल्या पथकावर बाण सोडण्यात आले व एक बाण दिग्दर्शकाच्या मांडीत रुतला. अर्धशतकानंतर, मार्च २०२५ मध्ये, एक अमेरिकी तरुण कॅमेरा घेऊन या बेटावर उतरला. किनाऱ्यावर नारळ व शीतपेयाचा डबा ठेवून तो परतला आणि नंतर त्यास अटक झाली. सेंटिनेलींना बाहेरच्या रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती नसल्याने असे धाडस धाडसी व्यक्तीपेक्षा त्यांच्याच जिवावर बेतू शकते. शिवाय, चित्रफीत म्हणजे काय हेच ज्यांस ठाऊक नाही, त्यांची संमती कशी घेणार? संमती शक्य नसेल तेथे चित्रीकरण न करणे हाच एकमेव मार्ग उरतो.

निसर्गाची सहनशीलता

प्रवाळ हा वनस्पती वा दगड नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. पाण्याखालील चित्रीकरण करताना त्यावर उभे राहिल्यास किंवा पायातील पंख आपटल्यास वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. समुद्राच्या वाढत्या तापमानामुळे १९९८, २०१० व २०१६ मध्ये, तसेच लक्षद्वीपमध्ये पुन्हा २०२४ मध्ये प्रवाळ पांढरे पडले. आधीच दुर्बल झालेल्या प्रवाळास माणसाचा धक्का सोसवत नाही. अंडी घालण्यास किनाऱ्यावर आलेल्या कासवांना व समुद्राकडे निघालेल्या पिल्लांना कॅमेऱ्याच्या दिव्यांमुळे दिशाभ्रम होतो. म्हणून रात्री दिवे लावून त्यांचे चित्रीकरण करू नये.

लक्षद्वीपचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर असून दहा बेटांवर वस्ती आहे. गोड्या पाण्याचा साठा इतका तुटपुंजा आहे की कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा, दररोज एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारावा लागला. एखाद्या चित्रफितीमुळे लोटलेली गर्दी अशा बेटास पेलवेल काय, याचा विचार चित्रीकरणापूर्वीच व्हावयास हवा.

पूर्वतयारी

लक्षद्वीपसाठी प्रवेश परवाना लागतो, तर निकोबारमधील बेटे आदिवासी राखीव क्षेत्रात मोडत असल्याने तेथे विशेष अनुमतीशिवाय जाता येत नाही. ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू असून, संरक्षणदृष्ट्या संवेदनशील भागात ते उडविण्यापूर्वी स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी. अंदमानात दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल हा काळ सोयीचा असतो. ही बेटे बरीच पूर्वेस असल्याने सूर्य लवकर उगवतो आणि हिवाळ्यात पाचच्या सुमारास मावळतो. कामाचे वेळापत्रक त्यानुसार आखावे. दमट हवेने भिंगावर बुरशी धरते, म्हणून उपकरणे आर्द्रताशोषक पुड्यांसह बंद पेटीत ठेवावीत. वातानुकूलित खोलीतून बाहेर आल्यावर कॅमेरा पेटीतच काही वेळ राहू द्यावा, अन्यथा भिंगावर बाष्प जमते.

कथा कोणाची?

या मर्यादा पाळूनही चित्रीकरणास विषयांची वाण पडत नाही. मिनिकॉयमधील गळाने होणारी ट्यूना मासेमारी व सुकविलेल्या माशाचा व्यवसाय, तेथील लावा नृत्य, मायाबंदर परिसरात १९२५ पासून वसलेला करेन समाज, पूर्व बंगालमधील निर्वासितांनी उभारलेली गावे, हे सारे स्वतःविषयी सांगू शकणाऱ्या माणसांचे विश्व आहे. त्यांची संमती घेता येते, त्यांना मोबदला देता येतो आणि तयार झालेली चित्रफीत दाखवून त्यांचे मतही विचारता येते.

त्याहीपुढे जाऊन बेटांवरील तरुणांनाच चित्रीकरण व संकलनाचे प्रशिक्षण मिळाल्यास उत्पन्न बेटावरच राहील आणि काय दाखवावे याचा निर्णयही बेटवासीयांच्या हाती येईल. सागरी केबलने बेटांना जगाशी जोडण्याचे काम केले आहे. त्या जोडणीतून बेटांचा आवाज बाहेर पोहोचला, केवळ त्यांचे दर्शन नव्हे, तरच त्या गुंतवणुकीचे सार्थक झाले असे म्हणता येईल.