हिरवा दिवा लुकलुकतोय ना?

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ ला लाल दिवा लागतो, हिरवा मध्येच लुकलुकतो; पण सिरीयल केबलने लॅपटॉपवर एक अक्षर उमटत नाही. बोर्ड जळला का?
– एक विद्यार्थी, लिंबायत, सुरत

उत्तर : जळलेला नाही. हिरवा दिवा अनियमित लुकलुकतोय म्हणजे कार्ड वाचलं जातंय. बहुतेक तुम्ही टीएक्सला टीएक्सच जोडलंय. सगळेच एकदा जोडतात! बोर्डाची ८ नंबरची पिन केबलच्या आरएक्सला, १० नंबरची टीएक्सला आणि ६ नंबरची ग्राउंडला द्या. केबलची वीज देणारी तार मोकळीच राहू द्या. कार्डावरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘इनेबल अंडरस्कोर युआर्ट’ची किंमत १ करा, लॅपटॉपवर वेग १,१५,२०० ठेवा. अक्षरं वेडीवाकडी आली तर वेग चुकलाय. मात्र केबलचा सिग्नल ३.३ व्होल्टचाच हवा. ५ व्होल्टने बोर्ड खरोखरच जाईल.