वारा पडला की तंबू पाडा

गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीकडे हौसेने तंबू ठोकायचा, तर जंगलात जाऊ नये. वडसा वनविभागात वाघ आहेत, आणि 2021 मध्ये छत्तीसगडमधून आलेला रानटी हत्तींचा कळपही याच पट्ट्यात फिरला आहे. वैनगंगेच्या रेतीत खुंटी धरत नाही, शिवाय वर गोसेखुर्दचे धरण आहे, पाणी कधी सुटेल सांगता येत नाही. म्हणून मे महिन्यात मुलांच्या हट्टापायी आम्ही तंबू लावला तो मामांच्या धानाच्या रिकाम्या बांधीत, घराजवळ. वाघापासून सुटलो, पण उघड्यावर आलो.

तंबू आत उभे राहता येईल एवढा उंच. अशा तंबूच्या सरळ भिंती वारा अडवतात. बांधीची वाळलेली माती इतकी टणक, की सबलीने भोके पाडून लोखंडी खुंट्या ठोकल्या. तंबूपासून बाहेर झुकवून, दोर ताणून. दार वाऱ्याकडे पाठ करून ठेवले. दिवसभर सगळे उत्तम.

सायंकाळी पश्चिमेला काळे ढग चढले आणि वारा एकदम पडला. धुऱ्यावरच्या मोहाचे पान हलेना. मामी ओरडल्या, "पोरायले घरात आना आधी!" मुले आत गेली. आम्ही एका बाजूचे दोर सोडतो न सोडतो, तोच वारा उलट्या दिशेने, थेट दारातून घुसला. तंबू फुगला, काठ्या मोडल्या आणि सगळे लोटांगण घेत धुऱ्यापर्यंत गेले. कोठ्यावरचे टिनाचे पत्रे उडाले ते वेगळेच.

यात नवल काही नाही. ढग वाढत असताना जमिनीलगतचा वारा बहुधा त्याच्याकडे ओढला जातो. पाऊस पडू लागला की त्याने गार झालेली जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून दिवसाच्या वाऱ्यावरून ठरवलेली दाराची दिशा वादळात उपयोगाची नसते. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. 20 किलोमीटरला हसत उभा राहणारा तंबू 40 ला वेगळीच वस्तू असते. हवामान खाते विदर्भासाठी ताशी 40 ते 50 किलोमीटरच्या वाऱ्याचा इशारा उन्हाळ्यात अनेकदा देते. तो पिवळा असला तरी त्या रात्री घरातच झोपावे.

खुंट्या-दोर साध्या वाऱ्यासाठी. वादळात तंबू वाचवायचा नसतो. तंबू विजेपासून राखत नाही आणि काठी धरून उभे राहणे तर वेडेपणा. पक्के घर किंवा काचा बंद केलेली गाडी धावत गाठता येईल अशीच जागा निवडा. झाडाखाली आणि टिनाच्या कोठ्याजवळ नको. विजांच्या इशाऱ्यासाठी फोनवर 'दामिनी' ॲप ठेवा. गडगडाट ऐकू आला किंवा वारा अचानक थांबला, तर आधी मुले घरात न्या. वेळ उरलाच तर काठ्या काढून तंबू आडवा पाडा. नाही उरला तर जाऊ द्या, कापड पुन्हा घेता येते.