बबीन्याजवळ गळ कुठे टाकावा?

प्रश्न : नोकरीमुळे बबीना छावणीत राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळपास गोड्या पाण्यातली मासेमारी कुठे आणि कशी करावी?

उत्तर : या भागाची जीवनवाहिनी बेतवा. तिच्यावरचा ढुकवाँ बंधारा, ललितपूर जिल्ह्यातलं माताटीला धरण आणि झाशीच्या पलीकडचा बरुआसागर तलाव ही पाहण्यासारखी ठिकाणं. मात्र जलाशयांतले मासेमारीचे हक्क बहुधा ठेक्याने दिलेले असतात, त्यामुळे आधी मत्स्य विभागाकडे परवानगीची चौकशी करावी. ओरछा अभयारण्याची हद्द आणि बबीन्याची फायरिंग रेंज टाळावी.

थंडी ओसरताना पहाटेचं पाणी गारच असतं आणि मासा सुस्त. म्हणून सूर्योदयाची घाई नको. ऊन चढलं की उथळ, गवताळ काठ आधी तापतात; दहानंतर तिथेच बसावं.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यानुसार फ्लोट आणि गळ यांतलं अंतर ठरवावं. मृगळासाठी शिसं लावून आमिष तळाला टेकवावं. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेल्या लहान गोळ्या या तिघांनाही चालतात. मरळ मात्र शिकारी; पाणवनस्पतींच्या कडेने गांडूळ किंवा छोटा मासा हळूहळू ओढावा.

बेतवेत महसीरही आहे. तो मध्य प्रदेशचा राज्यमासा. गळाला लागलाच, तर ओल्या हातांनी सोडवून लगेच पाण्यात सोडावा.