व्यायाम : एकट्याने की सोबतीने?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एक सेवानिवृत्त शिक्षक मधुमेहासाठी माझ्याकडे नियमितपणे येत असत. वय पासष्टच्या पुढे, गोळी एकच आणि एचबीए१सी सातच्या आत. रोज पहाटे कमाटीबागेत पाऊण तास फिरावयाचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. पुढे वर्षभरात त्यांचा आकडा साडेआठच्या वर गेला. मी प्रत्येक भेटीत विचारीत असे, "काका, फिरणं चालू आहे ना?" आणि ते उत्तर देत, "आहे की, डॉक्टरसाहेब." मी आहाराची चौकशी केली, गोळीची मात्रा वाढविली, नंतर दुसरी गोळी जोडली. एके दिवशी काकू त्यांच्याबरोबर आल्या आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनीच दिले, "अहो, कसलं फिरणं! भाऊसाहेब मुलाकडे पुण्याला राहायला गेले, तेव्हापासून ह्यांनी बुटांना हात लावलेला नाही." काका क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "एकट्याचं पाऊल उचलत नाही हो."

मी त्यांना कोणता व्यायाम, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस हे सारे विचारले होते. 'कोणाबरोबर' हे मात्र कधीच विचारले नव्हते. एका मित्राच्या स्थलांतराची भरपाई मी गोळ्यांनी करू पाहत होतो. या चुकीने जो विचार करावयास लावले, तो समव्यवसायी बंधुभगिनींपुढे आणि समाजातील वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बडोद्याचा वारसा

हा प्रश्न आपल्या बडोद्याला नवा नाही. राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने येथे जे व्यायाममंदिर चालविले, तेथे कुस्ती, मल्लखांब, लाठी यांच्या जोडीला संघव्यायामाची पद्धती विकसित झाली. शेकडो तरुणांनी एका आज्ञेसरशी, एका लयीत हालचाल करावयाची आणि त्या आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत द्यावयाच्या, ही माणिकरावांची मोठी कामगिरी होय.

त्यांच्याच तालमीत १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकत होता. त्याचा जन्म १८८३ साली जवळच डभोईला झाला. पुढे नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींकडून त्याने योगविद्या घेतली. हेच स्वामी कुवलयानंद. उड्डियान आणि नौली यांचा शरीरावरील परिणाम त्यांनी १९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्याच एका रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासला आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. एकाच पुरुषाने आखाड्यातील सामूहिक व्यायाम आणि आसनावरील एकांतातील साधना अशा दोन्ही धारा आत्मसात केल्या होत्या. म्हणूनच की काय, यौगिक क्रियांनाही संघव्यायामाचे रूप देण्याचा प्रयत्न त्यांनी पुढे केला. 'एकट्याने की सोबतीने' हा प्रश्न त्यांनी एकाची निवड करून दुसऱ्याचा त्याग करावा अशा रीतीने सोडविला नाही, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

सोबतीचा परिणाम : प्रयोग काय सांगतात

सायकलस्वार एकट्याने घड्याळाशी शर्यत करतो त्यापेक्षा इतरांबरोबर धावताना अधिक वेगाने जातो, हे निरीक्षण नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ साली मांडले. पुढे १९६५ साली रॉबर्ट झायॉन्क यांनी त्याला एक महत्त्वाची मर्यादा घातली. अंगवळणी पडलेले काम इतरांच्या उपस्थितीत सुधारते, परंतु नवे व गुंतागुंतीचे काम बिघडते. आपल्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. चालणे सर्वांना येते, ते घोळक्यात करावे. सूर्यनमस्कार किंवा वजन उचलणे प्रथमच शिकणाऱ्याने मात्र आरंभी जाणकार शिक्षकासमोर, गर्दीपासून दूर शिकावे.

समूहाची दुसरी बाजूही जुनीच आहे. दोरी ओढणाऱ्यांची संख्या वाढत जाते तसतसा प्रत्येकाचा वाटा घटतो, असे फ्रेंच कृषि-अभियंता रिंगेलमान यांनी दाखवून दिले. हे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. याउलट जर्मनीत ओटो कोलर यांना १९२०च्या दशकात असे आढळले की, जोडीपैकी दुबळ्याच्या टिकण्यावर दोघांचे यश अवलंबून असेल, तर तो दुबळा एकट्यापेक्षा अधिक काळ टिकतो. आणि हा परिणाम दोघांच्या शक्तीत माफक अंतर असताना सर्वाधिक दिसतो. थोडक्यात, गर्दीत माणूस लपतो आणि जोडीत तो दिसतो. सोबती निवडावयाचा तर आपल्याहून किंचित सरस असावा, फार सरस नसावा.

शरीरक्रियेच्या पातळीवरही काही पुरावे मिळतात. ऑक्सफर्डच्या १२ नौकावीरांवर झालेला प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. वल्हविण्याच्या यंत्रावर तेवढेच श्रम एकदा एकट्याने आणि एकदा संघासह केले असता, संघासह केल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा अधिक आढळली. ती मोजण्यासाठी आपल्या नित्य परिचयाची रक्तदाबाची पट्टीच वापरली गेली होती. लयीत एकत्र हालचाल केल्याने एन्डॉर्फिन अधिक स्रवत असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. उंदरांवरील २००६ च्या एका अभ्यासात, धावण्यामुळे हिप्पोकॅम्पसमध्ये होणारी नव्या चेतापेशींची निर्मिती एकाकी ठेवलेल्या प्राण्यांत उशिरा सुरू झाल्याचे दिसले. उंदरांवरून माणसाविषयी घाईने अनुमान काढू नये. तथापि दिशा विचार करण्याजोगी आहे.

रुग्णालयाच्या बाहेर काय दिसते? समूहाने चालण्याविषयीच्या ४२ अभ्यासांचे, एकूण १८४३ व्यक्तींचे एकत्रित विश्लेषण २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वरचा रक्तदाब सरासरी ३.७ आणि खालचा ३.१ मिलिमीटरने उतरला, विषण्णतेची लक्षणे घटली आणि सुमारे तीन-चतुर्थांश लोक उपक्रमात टिकून राहिले. हे शेवटचे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण व्यायामाचे औषध अपयशी ठरते ते बहुधा रुग्ण ते सोडून देतो म्हणून.

वैद्यकीय विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास तर आपल्याच घरचा आहे. अमेरिकेतील ६९ विद्यार्थी १२ आठवडे पाहिले गेले. समूहात व्यायाम करणाऱ्यांचा जाणवणारा ताण सुमारे २६ टक्क्यांनी घटला. एकट्याने करणाऱ्यांनी सरासरीने अधिक वेळ व्यायाम करूनही त्यांच्या ताणात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र विद्यार्थ्यांनी आपला गट स्वतःच निवडला होता, ही या अभ्यासाची मोठी त्रुटी आहे. तीच सावधगिरी २०१८ च्या कोपनहेगन अभ्यासाबाबत बाळगावी. त्यात टेनिस खेळणाऱ्यांचे आयुर्मान बैठ्या लोकांपेक्षा ९.७ वर्षांनी, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचे ६.२ वर्षांनी, तर एकट्याने धावता येण्याजोग्या जॉगिंगचे ३.२ वर्षांनी अधिक आढळले. परंतु टेनिसचा खेळाडू बहुधा सुस्थितीतलाही असतो. सोबत आयुष्य वाढविते, असा निर्णय एवढ्यावरून देता येणार नाही.

एकट्याचा पक्ष

याचा अर्थ एकट्याने केलेला व्यायाम कमी दर्जाचा, असा मुळीच नाही. हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनात घरी केलेला कार्यक्रम आणि केंद्रात जाऊन केलेला कार्यक्रम यांचे परिणाम मृत्युदर, व्यायामक्षमता व जीवनमान या दृष्टींनी साधारण सारखेच असतात, असे कॉक्रेन समीक्षेत आढळले आहे. अट एवढीच की, घरचा कार्यक्रम वैद्यकीय देखरेखीखालील असावा. फोनवरून विचारपूस करणारी परिचारिका हीदेखील एक प्रकारची सोबतच होय.

एकट्याला स्वतःच्या शरीराकडे लक्ष देता येते. सुश्रुताने अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे सांगितले आहे आणि श्वास तोंडावाटे येऊ लागणे ही त्या मर्यादेची खूण मानली आहे. आजच्या भाषेत, चालताना बोलता यावे परंतु गाता येऊ नये, ही मध्यम श्रमाची कसोटी. समूहात ही खूण विसरली जाते. पुढचा झपाट्याने चालतो म्हणून मागचा धापा टाकीत त्याला गाठतो. छातीत दुखू लागले तरी चारचौघांत थांबावयाचा संकोच वाटतो. इन्सुलिन घेणारा रुग्ण गप्पांच्या ओघात नेहमीपेक्षा दुप्पट चालतो आणि साखर उतरल्याची लक्षणे थकवा समजून दुर्लक्षितो. शिवाय काही घोळक्यांचा अर्धा तास चालण्यात आणि पाऊण तास गाठ्या-फाफड्यावर जातो, हे बडोदेकरांस सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट. केवळ समूह असणे पुरेसे नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक विश्लेषणात सर्वाधिक लाभ जेथे परस्परओळख, समान उद्दिष्ट आणि आपलेपणा जाणीवपूर्वक निर्माण केला गेला अशा गटांत दिसला. त्याखालोखाल साधे व्यायामवर्ग, नंतर संपर्क ठेवून घरी केलेला व्यायाम, आणि सर्वांत शेवटी कोणाच्याही संपर्काविना घरी केलेला व्यायाम, असा क्रम लागला. म्हणजे जिममध्ये कानांत गाणी लावून शेजारच्याकडे न पाहता यंत्रावर धावणारे वीस जण हा खरा समूह नव्हे. मंगळागौरीला झिम्मा, फुगडी, पिंगा खेळणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे विश्लेषण वाचावे लागले नव्हते. फुगडीत दुसरीचे हात सुटले तर दोघी पडतात. तेथे लपावयास जागाच नाही.

व्यवहारात काय करावे?

१) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा, पासष्टीपुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही तीन दिवस करावेत. यापैकी चालणे सोबतीने आणि बळकटीचे व व तोलाचे व्यायाम घरी, अशी विभागणी बहुतेकांस सोयीची पडते. तोल जाण्याची भीती असेल तर घरातील कोणीतरी जवळ उभे राहावे.

२) ज्यांचा नेम वारंवार मोडतो, ज्यांना एकाकीपणा वा उदासीनता जाणवते, जे नुकतेच निवृत्त वा जोडीदारास मुकलेले आहेत, त्यांनी आरंभ सोबतीनेच करावा.

३) नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी आणि नवी आसने शिकणाऱ्यांनी प्रथम स्वतःच्या गतीने, तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली करावे, समूहात नंतर जावे.

४) समूहाची गती सर्वांत मंद सदस्याच्या गतीने ठरावी. ज्यांना वेगाने जावयाचे असेल त्यांनी पुढे जाऊन परत यावे. कोणास मधुमेह, कोणास हृदयविकार हे सोबत्यांना ठाऊक असावे आणि कोणाच्या तरी खिशात साखर असावी.

५) स्त्रियांसाठी सोबत ही केवळ उत्साहाची नव्हे, तर सुरक्षिततेची व सवडीची बाब आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. सासू-सून किंवा चार शेजारणी एकत्र बाहेर पडल्या, तर घरातून आडकाठी कमी होते, हा अनुभव आहे.

६) नवरात्रात नऊ रात्री गरबा आणि उरलेले वर्ष बैठक, असा सामूहिक व्यायाम टाळावा. पूर्वतयारी दोन महिने आधी चालण्याने करावी.

७) एका सोबत्यावर सर्व भार ठेवू नये. तीन-चार जणांचा गट असावा, म्हणजे एकाच्या अनुपस्थितीने नेम मोडत नाही. आणि आठवड्यातून एखादा दिवस मुद्दाम एकट्याने करावा. २०२० साली उद्याने बंद झाली तेव्हा ज्यांना घरात दहा सूर्यनमस्कार घालावयाची सवय होती, त्यांचे अडले नाही.

डॉक्टरांसाठी एक प्रश्न

आपल्या केसपेपरवर व्यायामापुढे बहुधा 'होय' किंवा 'नाही' एवढेच लिहिलेले असते. तेथे आणखी एक शब्द लिहिण्याची सवय आपण लावून घ्यावी : कोणाबरोबर? 'एकटा' असे उत्तर आले तर पुढे विचारावे, आवडीने की नाइलाजाने? आवडीने असेल तर त्याच्या एकांतात ढवळाढवळ करू नये. नाइलाजाने असेल तर सोबतीची सोय हा उपचाराचाच भाग समजावा. आणि व्यायाम चांगला चालू असेल, तरी त्याचा सोबती कोण हे नोंदवून ठेवावे. साखर अकारण वाढली तर पहिली चौकशी त्या सोबत्याची करता येते.

त्या काकांचे पुढे काय झाले, हे सांगून लेख संपवितो. त्यांच्याच पोळीत राहणारे माझे आणखी दोन रुग्ण होते. दोघांनाही चालावयाचे होते, दोघांचेही पाऊल उचलत नव्हते. तिघांच्या संमतीने मी त्यांची गाठ घालून दिली. पहिले पंधरा दिवस काका कुरकुरत गेले, कारण नवे सोबती क्रिकेटवर बोलत आणि भाऊसाहेब नाटकावर. सहा महिन्यांनी एचबीए१सी सव्वासातवर आले. दुसरी गोळी मी बंद केली. पहिली वाढविलेली मात्रा मात्र तशीच ठेवावी लागली, कारण गेलेले वर्ष परत येत नाही. ते वर्ष एका प्रश्नाने वाचले असते.