दीर्घायुषी कासवांचे संवर्धन

कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ या महाकाय कासवाचा मार्च २००६ मध्ये मृत्यू झाला. त्याचे वास्तव्य तेथे सव्वाशेहून अधिक वर्षे होते. त्याची जात हिंदी महासागरातील सेशेल्स देशाच्या अल्डाब्रा बेटावरील. अन्नपाण्यावाचून दीर्घकाळ तग धरणारी अशी कासवे पूर्वी खलाशी ताज्या मांसासाठी जहाजांवर जिवंत भरून नेत. मॉरिशस, रीयुनियन व रॉड्रिग्ज बेटांवरील महाकाय कासवे याच काळात नामशेष झाली. दुर्गम अल्डाब्रावरील जात मात्र वाचली.

दीर्घायुष्य असूनही कासवांच्या जाती धोक्यात का येतात? कासव उशिरा प्रौढ होते आणि अंड्यांतून निघालेल्या पिल्लांपैकी फारच थोडी जगतात. ही हानी मादी वर्षानुवर्षे अंडी घालून भरून काढते. म्हणून प्रौढ माद्या मोठ्या संख्येने मारल्या गेल्यास ती जात सहज सावरत नाही.

संवर्धनाचे दोन प्रमुख मार्ग आहेत.

अधिवासाबाहेरील संवर्धन : ‘बटागुर बास्का’ हे खाडीतील कासव अतिसंकटग्रस्त आहे. सुंदरबन व्याघ्र प्रकल्पात त्याचे बंदिस्त प्रजनन करण्यात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये उपग्रह-संदेशक लावलेली दहा कासवे निसर्गात सोडण्यात आली.

अधिवासातील संवर्धन : ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले सागरी कासवे सामूहिकरीत्या अंडी घालतात. तेथील गहिरमाथा हे १९९७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले. कासव फुप्फुसांनी श्वास घेत असल्याने ट्रॉलरच्या जाळ्यात अडकल्यास गुदमरून मरते. यावर उपाय म्हणून जाळ्यात कासवांच्या सुटकेसाठी विशेष साधन बसविता येते. धामरा, देवी व ऋषिकुल्या या नद्यांच्या मुखांजवळ १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात मासेमारीवर निर्बंध असतात. महाराष्ट्रात वेळास (जि. रत्नागिरी) येथे ग्रामस्थांच्या सहभागाने घरट्यांचे रक्षण होते.

या दोन्ही जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तथापि, निर्बंधांच्या काळात मच्छीमार कुटुंबांच्या चरितार्थाची सोय न झाल्यास कायद्याची अंमलबजावणी दुबळी ठरते.

प्राणिसंग्रहालय एका कासवाला शतकाहून अधिक काळ जगवू शकते. परंतु जात टिकण्यासाठी सुरक्षित किनारा, निर्धोक समुद्र आणि स्थानिकांचे सहकार्य या तिन्हींची आवश्यकता आहे.