एक चांदणी, अडीच पानं

चि. ओंकार,

मार्कडाउनमधलं हस्तलिखित छपाईच्या लाटेकमध्ये नेण्यासाठी तू यॅक शिकतोयस, हे वाचून बरं वाटलं. मी एकदा ‘शोधा आणि बदला’वर भागवायला गेलो आणि तोंडघशी पडलो. मार्कडाउनमध्ये तिरप्या मजकुराभोवती चांदणी (*) लावतात, आणि माझ्या तळटिपांच्या खुणेलाही चांदण्याच होत्या. माझ्या प्रोग्रॅमने एका चांदणीपासून दुसरीपर्यंतची अडीच पानं तिरपी करून टाकली. प्रूफं वाचणाऱ्या बाईंमुळे अब्रू वाचली.

पण यॅकचा स्वभाव आधी ओळख. व्याकरणाचे नियम दिले की मजकूर उलगडणारा पार्सर बनवून देणारं हे साधन. स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्समध्ये १९७०च्या दशकात ते बनवलं, ते प्रोग्रॅमिंगच्या भाषांसाठी. व्याकरण मोडलं की पार्सर अडून बसतो, आणि तिथे ते योग्यच. मार्कडाउनमध्ये मात्र चूक असा प्रकारच नाही. चांदणी उघडली आणि मिटलीच नाही, तर ती नुसती चांदणी. ती पुढे मिटणार का, हे पुढचं एकच टोकन बघणाऱ्या यॅकला कळायचं कसं? जॉन ग्रुबर यांनी २००४मध्ये मार्कडाउन आणलं, तेव्हा त्याला काटेकोर व्याकरण नव्हतंच. होती ती एक पर्ल स्क्रिप्ट. म्हणून काम दोन फेऱ्यांत कर. आधी ओळीओळीने मथळे, याद्या, परिच्छेद वेगळे काढ. मग प्रत्येकाच्या पोटातला ठळक-तिरपा मजकूर बघ. मार्कडाउनचे नियम पक्के करणारं कॉमनमार्कही हीच रीत सांगतं.

आता खरं सांगायचं ते. व्याकरणाच्या नियमातच लाटेकच्या आज्ञा छापू नकोस. हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. नियमांनी फक्त मजकुराच्या रचनेचं झाड उभं करावं. ते वाचून लाटेक लिहिणारा भाग निराळा ठेव. जॉन मॅकफार्लेन यांचं एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारं पॅनडॉक असंच चालतं. (त्यात यॅक नाही, हाती लिहिलेले छोटे पार्सर जोडलेत, पण झाड आहेच.) दहा स्वरूपं एकमेकांत थेट न्यायची तर नव्वद अनुवादक लागतील; झाड मध्ये असेल तर दहा वाचणारे, दहा लिहिणारे पुरतात.

लाटेक लिहिताना टक्क्याची खूण सांभाळ. ‘५०%’ तसंच सोडलंस तर त्या ओळीचा पुढचा भाग टिप्पणी समजून गिळला जातो, आणि बहुतेक वेळा तक्रारसुद्धा येत नाही. ही काळजी लिहिणाऱ्या भागाची, व्याकरणाची नव्हे.

दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या झाडाचा आराखडा कागदावर काढून आण. लॅपटॉप नंतर उघडू.

तुझा,
मामा