किती टनांची, एवढंच विचारलं होतं

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये मी सुपरवायझर झालो, तेव्हा भाड्याने फोर्कलिफ्ट मागवताना एकच प्रश्न विचारायचो : किती टनांची? त्या दिवशी उत्तर आलं, दोन टनांची. क्रेट १८०० किलोचा होता. हिशेब बसला आणि मी हो म्हटलं.

क्रेट दीड मीटर लांब आहे, याचा विचारच केला नाही. ऑपरेटरच्या समोर मशीनवर एक छोटी पाटी असते. तिच्यावर २००० किलो लिहिलेलं होतं आणि शेजारी ५०० मिमी. मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या पाठीपासून ५०० मिमीच्या आत असेल, तरच दोन टन! आमच्या क्रेटचा मध्य ७५० मिमीवर. शाळेत शिकलेली तरफच ती : पुढची चाकं हा टेकू, मागचं लोखंड हा तोल. माल पुढे गेला की मागची बाजू हलकी होते. तेवढ्या अंतरावर त्या मशीनची ताकद १६०० किलोच्या आसपासच उरली होती.

"साहेब, मागून हलकी लागतेय," असं ऑपरेटर मामा उचलतानाच म्हणाले होते. गाडी खाली करायची घाई होती. मी म्हटलं, "घ्या मामा, होतंय."

रॅकच्या दुसऱ्या थरापाशी त्यांनी मास्ट, म्हणजे फोर्क वर-खाली नेणारा उभा सांगाडा, जरासा पुढे झुकवला आणि मागची चाकं उचलली गेली. त्या चाकांखालून पलीकडचा पिवळा पट्टा मला दिसला, तो आजही डोळ्यांसमोरून जात नाही. क्रेट घसरून कोसळला. हेल्पर पोरगा दोन पावलं बाजूला होता, म्हणून वाचला. मशीनची मागची बाजू दाणकन खाली आपटली. मामांनी बेल्ट लावलेला होता, उडी मारली नाही, म्हणून कंबर दुखावण्यावर निभावलं. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

म्हणून सांगतो, मशीन ठरवण्याआधी मालाची लांबी मोजा, तो किती उंच चढवायचा ते पाहा. मास्ट जितका वर, तितकी ताकद कमी. तेही पाटीवर असतं. आणि मागची बाजू हलकी होतेय म्हणून तिच्यावर दोन माणसं उभी करण्याचा प्रकार अनेक ठिकाणी चालतो. तो कृपा करून करू नका. तिथे उभा राहणारा माणूस कुणाचा तरी मुलगा असतो.

मग जागा पाहा. मागे वजन असलेली ही नेहमीची फोर्कलिफ्ट वळायला साडेतीन-चार मीटरची गल्ली मागते. मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना तिची शेपटी बाहेर झोकते. रॅकचे खांब वाकतात ते बहुधा तिथेच. गल्ली तीन मीटरच्या आत असेल आणि रॅक उंच असतील, तर रीच ट्रक घ्या. पण त्याची चाकं लहान आणि कडक, त्याला सपाट फरशी लागते. खड्ड्यांच्या अंगणात तो उतरवूच नका. लहान गोडाऊनला बॅटरीचा स्टॅकर पुरतो. नुसतं इकडून तिकडे सरकवायचं असेल तर हँड पॅलेट. सुटे खोके वरून काढायचे असतील तर ऑर्डर पिकर. त्यात माणूसच वर जातो, तेव्हा हार्नेस हवाच.

डिझेलची मशीन बाहेरच्या अंगणात उत्तम, बंद गोडाऊनमध्ये नाही. तिच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं, उन्हामुळे असेल. आत बॅटरीचीच चालवा. मात्र ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून चार्जिंगची जागा मोकळ्या हवेची हवी आणि तिथे विडी-काडी अजिबात नको.

आता माझ्या खिशात टेप असतो. क्रेट आला की लांबीच्या निम्म्यावर खडूने रेघ मारतो आणि मामांना दाखवतो. परवा त्यांनी रेघ पाहिली, पाटी पाहिली आणि मान हलवली. क्रेट रात्रभर ट्रकवरच राहिला. सकाळी हायड्रा क्रेन मागवली.